डुकराच्या आयलेट पेशींच्या ट्रायलमध्ये जायचं डोक्यात असेल तर आधी गोळ्यांची चौकशी कशी करायची

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला बातमी पाठवतंच, की हे बघ, डुकराच्या पेशी बसवून डायबेटिस जाणार, तुझं इन्सुलिन सुटणार. मला टाइप १ होऊन २६ वर्षं झाली, त्यामुळे लोकांना वाटतं ही बातमी आपण हिला दिलीच पाहिजे. ठीक आहे, प्रेमाने पाठवतात. पण बातमी उघडली की त्यात डुक्कर असतं, पेशी असतात, माकडं असतात आणि रिजेक्शन (शरीराने परक्या पेशी मारून टाकणं) थांबवणाऱ्या औषधांवर जेमतेम एक ओळ असते, तीही अगदी तळाशी. आणि माझ्या मते सगळा मामला त्या एका ओळीतच आहे.

मी डॉक्टर नाही. पण माझ्या ताईला किडनी बसवून ९ वर्षं झाली, ती याच जातीच्या गोळ्या रोज दोनदा घेते आणि मी ते अगदी जवळून बघितलंय, म्हणून हे लिहितेय. कोणाला ट्रायलची ऑफर आली असेल, किंवा नुसतं डोक्यात चाललं असेल, तर कागदावर सही करायच्या आधी काय काय विचारायचं, काय तपासायचं, एवढंच यात आहे. स्वतःच्या मनाने कुठलाही डोस बदलायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

आधी हे समजून घ्या की गोळ्या कशासाठी

आयलेट म्हणजे स्वादुपिंडातले पेशींचे बारीक पुंजके, इन्सुलिन तिथेच बनतं. डुकराचं इन्सुलिन आणि आपलं इन्सुलिन यात फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे, कित्येक दशकं लोकांनी डुकराचंच इन्सुलिन टोचून घेतलंय, त्यामुळे पेशी डुकराच्या असल्या तरी त्यांचं काम आपल्याला चालतं. अडचण पेशी टिकवण्याची आहे.

या पेशी बहुतेक वेळा यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतून आत सोडतात. रक्ताला लागल्या लागल्या पहिल्या काही तासांतच गुठळ्या आणि सूज असा एक झटका येतो आणि बऱ्याच पेशी तिथेच मरतात. त्यातून वाचल्या की माणसाच्या रक्तात आधीपासूनच असलेल्या डुकराविरुद्धच्या अँटीबॉडीज, मग टी पेशी, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी. आणि टाइप १ वाल्यांच्या बाबतीत वर एक बोनस, आपल्या शरीराला बीटा पेशी (इन्सुलिन बनवणाऱ्या) मारायची सवय आधीच लागलेली आहे. म्हणजे दुसऱ्या माणसाची किडनी बसवली तर जेवढं दाबावं लागतं त्याच्यापेक्षा इथे प्रतिकारशक्ती जास्त दाबावी लागते, निदान आजवरच्या माकडांवरच्या प्रयोगांतून तरी तसंच दिसतंय. नेहमीच्या कॉम्बिनेशनवर डुकराच्या पेशी फार टिकत नाहीत.

मग स्वतःचा हिशेब मांडा, आणि तो कागदावर मांडा

ही पायरी लोक सोडतात आणि थेट ट्रायल कुठे चालू आहे ते शोधायला लागतात. नका करू असं. आधी मागच्या बारा महिन्यांत किती वेळा असा हायपो (साखर खूप खाली जाणं) झाला की दुसऱ्या कोणाला तरी तुम्हाला साखर भरवावी लागली, ग्लुकागॉन (साखर चढवणारं औषध) द्यावं लागलं किंवा दवाखान्यात न्यावं लागलं, ते लिहा. हायपो होताना तुम्हाला कळतं का, घाम, थरथर, काही जाणवतं का, की थेट डोळे उघडल्यावर घाबरलेली माणसं आजूबाजूला दिसतात, तेही लिहा. मग सीजीएम (अंगावर लावून साखर सतत मोजणारा सेन्सर) आणि आपोआप डोस ठरवणारा पंप वापरून बघितला आहे का, नीट, काही महिने, तेही लिहा.

आयलेट बसवण्याचा विचार मुळात या लोकांसाठीच होतो, ज्यांना हायपो कळत नाही आणि जे सगळं करूनही वारंवार बेशुद्ध पडतात. त्यांच्यासाठी रोजचं इन्सुलिन हेच जिवावरचं आहे, त्यामुळे गोळ्यांचा धोका पत्करण्यात अर्थ असू शकतो. ज्याचा त्रास एवढाच आहे की रोज टोचायचा कंटाळा आलाय (मला पण येतो, खोटं कशाला बोलू) त्याने इन्सुलिन देऊन त्या बदल्यात टॅक्रोलिमस (रिजेक्शन थांबवणारं औषध) घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

एक वेगळा गट आहे, ज्यांना आधीच किडनी बसवलेली आहे. ते या गोळ्या तशाही घेतातच. १९९४ मध्ये स्वीडनमधल्या ग्रोथ आणि त्यांच्या टीमने १० डायबेटिस पेशंटमध्ये डुकराच्या गर्भातल्या आयलेट पेशी बसवल्याचा रिपोर्ट आला, ते सगळे किडनी ट्रान्सप्लांटवालेच होते. चार जणांच्या लघवीत डुकराचं सी-पेप्टाइड (इन्सुलिन बनताना सुटणारा तुकडा) २०० ते ४०० दिवस सापडत राहिलं, म्हणजे पेशी जिवंत होत्या, पण इन्सुलिन कोणाचंच सुटलं नाही. तो प्रयोग मला आवडतो तो याच कारणासाठी, पेशंटवर गोळ्यांचा नवा बोजा जवळपास पडला नव्हता. तुमच्यावर किती पडणार आहे, हा तुमचा प्रश्न.

ट्रायलच्या कागदात औषधांची यादी शोधा

संमतीपत्र तीस-चाळीस पानांचं असतं. पेशी कुठून येतात, डुकरं किती स्वच्छ ठेवली आहेत, ते सगळं नंतर वाचा. आधी दोन याद्या शोधा. एक, पेशी बसवताना पहिल्या काही दिवसांत देणारी जोरदार औषधं, ज्याला इंडक्शन म्हणतात. दोन, नंतर रोज, पेशी चालू असेपर्यंत घ्यायची औषधं, म्हणजे मेंटेनन्स. दोन्ही याद्या वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवा. उतरवताना जे नाव ओळखीचं नाही त्याच्यापुढे गोल करा. मग एकेक.

टॅक्रोलिमस. हे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. गंमत बघा, हे औषध किडनीला त्रास देतं आणि बीटा पेशींनाही त्रास देतं, म्हणजे ज्या पेशी वाचवायला घ्यायचं त्यांनाच थोडं थोडं विष. किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांना नव्याने डायबेटिस होतो त्यात याचा मोठा हात असतो. शिवाय हात थरथरणं, बीपी, पोटॅशियम वाढणं, मॅग्नेशियम कमी होणं. डायबेटिसवाल्यांच्या किडन्या आधीच वीस-वीस वर्षं मार खाल्लेल्या असतात, म्हणून इजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) किती आहे आणि लघवीत अल्ब्युमिन जातंय का, हे दोन आकडे हातात असल्याशिवाय टॅक्रोलिमसवर चर्चाच करू नका.

सिरोलिमस. २००० साली कॅनडातल्या एडमंटनच्या शापिरो यांच्या टीमने मानवी आयलेट बसवून ७ च्या ७ पेशंटचं इन्सुलिन सोडवलं तेव्हा हेच मुख्य औषध होतं, सोबत कमी डोसचं टॅक्रोलिमस आणि डॅक्लिझुमॅब, आणि स्टेरॉइड पूर्ण बंद कारण स्टेरॉइडने साखर चढते. तोंडात अल्सर, कोलेस्टेरॉल वाढणं, पायावर सूज, पांढऱ्या पेशी कमी होणं, जखम लवकर न भरणं, हे सिरोलिमसचे नेहमीचे त्रास. पायाला जखमा होणाऱ्या डायबेटिसवाल्याने 'जखम लवकर भरत नाही' हे वाक्य दोनदा वाचावं. आणि हो, पाच वर्षांनी बघितलं तेव्हा त्या केंद्रातल्या पेशंटपैकी इन्सुलिनशिवाय साधारण १० टक्केच राहिले होते, मात्र बऱ्याच जणांच्या पेशी थोडंफार काम करत होत्या आणि तेवढ्यानेही वाईट हायपो आटोक्यात राहत होते. सात पैकी सात ही बातमी सगळ्यांनी वाचली, पाच वर्षांनंतरची फार कमी लोकांनी.

मायकोफेनोलेट. जुलाब, पांढऱ्या पेशी कमी. गर्भाला घातक. मूल हवं असेल तर हे आधी सांगा, कारण हे औषध गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी बंद करून दुसरं सुरू करावं लागतं आणि तोपर्यंत गर्भनिरोधक पक्कं हवं. पुरुषांनीही विचारा, सिरोलिमसने शुक्राणू कमी होऊ शकतात, हे कोणी आपणहून सांगत नाही.

इंडक्शनमध्ये एटीजी (टी पेशी मारणारं औषध) असेल तर पहिल्या डोसला ताप, थंडी, बीपी पडणं असं होऊ शकतं, म्हणून ते अॅडमिट करूनच देतात. रिटुक्सिमॅब असेल तर हेपेटायटिस बी ची पूर्ण तपासणी आधी झाली का ते विचारा, जुना दबलेला हेपेटायटिस त्याने उठतो. बेलाटासेप्ट असेल तर तुमचं इबीव्ही (एप्स्टीन-बार विषाणू) पॉझिटिव्ह आहे का निगेटिव्ह ते विचारा, ज्यांना तो विषाणू कधी झालाच नाही त्यांना हे औषध देत नाहीत, लिम्फोमाचा धोका वाढतो.

आता ज्याच्यापुढे गोल केला असेल ते. डुकराच्या पेशींच्या गोष्टीत ते बहुतेक अँटी-सीडी१५४ किंवा अँटी-सीडी४० असं काहीतरी असेल. यावर थोडं थांबते कारण इथे इतिहास आहे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या हेरिंग यांच्या टीमने डायबेटिक माकडांमध्ये डुकराच्या आयलेट १०० दिवसांच्या वर चालवून दाखवल्या, त्याच वेळी तिथल्याच एमरी विद्यापीठाच्या टीमनेही दाखवलं, आणि २०१५ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलच्या टीमने ६०० दिवसांच्या पुढे नेलं. तिन्हीकडे अँटी-सीडी१५४ होतं. म्हणजे टी पेशींना मिळणारा 'चला, हल्ला करा' हा दुसरा सिग्नल तोडणारं औषध. भारी काम करतं. पण सीडी१५४ प्लेटलेटवरही असतं, आणि जुन्या अँटीबॉडीची शेपूट प्लेटलेटला जाऊन चिकटायची आणि रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी माणसांवरच्या ट्रायल त्यामुळेच थांबवाव्या लागल्या. म्हणजे माकडांचे जे आकडे बातमीत येतात ते ज्या औषधावर मिळाले ते औषध माणसाला तसंच्या तसं देताच येत नव्हतं! हे बातमीत कधी वाचलंय?

आता शेपटीचा तो भाग बदलून नवीन औषधं केलीत, टेगोप्रुबार्ट त्यातलंच. शिकागो विद्यापीठात मानवी आयलेट बसवलेल्या मोजक्या पेशंटना ते टॅक्रोलिमस न देता दिलं गेलं, आणि मार्च २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जिवंत माणसाला डुकराची किडनी बसवली तेव्हाही औषधांत ते होतं. मला वाटतं खरी आशा इथे आहे, नव्या डुकरापेक्षा नव्या औषधात. पण मोजके म्हणजे मोजके. म्हणून तुमच्या यादीत असलं औषध दिसलं तर विचारा: कुठली पिढी, गुठळ्यांवर लक्ष कसं ठेवणार, आजवर किती माणसांना आणि किती महिने दिलंय, आणि ट्रायल संपल्यावर ते मला कोण देणार. शेवटचा प्रश्न विसरू नका. बाजारात न आलेलं औषध ट्रायल बंद पडली की मिळत नाही.

सुरू करायच्या आधीची तपासणी

हे भरभर सांगते कारण टीम हे बहुतेक करतेच, तुम्ही फक्त टिक करत जा. दबलेला टीबी, हेपेटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सीएमव्ही (प्रतिकारशक्ती दाबली की उठणारा एक व्हायरस), इबीव्ही. दात, कारण एक किडका दात पुढे ताप बनून येतो. त्वचा, आणि बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी. लसी मात्र नीट बघा: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, यलो फिव्हर अशा जिवंत लसी गोळ्या सुरू झाल्यावर घेता येत नाहीत, त्या किमान चार आठवडे आधी उरकाव्या लागतात. न्यूमोकोकल, हेपेटायटिस बी, टोचायची फ्लूची लस या नंतरही चालतात पण तेव्हा त्यांचा असर कमी पडतो, म्हणून त्याही आधीच.

पेशी यकृताच्या शिरेतून सोडणार असतील तर रक्तस्राव आणि त्या शिरेत गुठळी, हे दोन धोके त्या दिवसाचे. त्याचा गोळ्यांशी संबंध नाही पण सहीच्या कागदात ते एकत्रच कालवलेलं असतं, वेगळं काढून वाचा.

रोजचं, जे नऊ वर्षं बघतेय

ताईच्या मोबाइलवर सकाळी ८ ला आणि रात्री ८ ला अलार्म वाजतो. लग्नात, प्रवासात, कुठेही. टॅक्रोलिमसची लेव्हल रक्तात बघतात ती ट्रफ लेव्हल, म्हणजे पुढची गोळी घ्यायच्या अगदी आधीची, आधीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांची. पहिल्याच वर्षी एकदा ती सवयीने ८ ला गोळी घेऊन मग साडेनऊला रक्त देऊन आली. संध्याकाळी रिपोर्ट आला, १९. तिचा नेहमीचा आकडा सातच्या आसपास. फोन आला की डोस निम्मा करा. आई रडायला लागली, जिजाजी गाडीची किल्ली शोधायला लागले, आणि मी गोळ्यांचा डबा उघडून बघितला तर सकाळचा कप्पा रिकामा. म्हटलं, ताई, गोळी रक्त द्यायच्या आधी घेतलीस की नंतर? तिने कपाळावर हात मारला. परत फोन केला, दुसऱ्या दिवशी गोळी न घेता रक्त दिलं, ७.२ आलं. तो निम्मा डोस आठवडाभर घेतला असता तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करत नाही. रक्त घेणाऱ्या माणसानेही 'गोळी घेतली का' असं विचारलं नव्हतं, तेव्हापासून ती स्वतःच आत शिरल्या शिरल्या सांगते, गोळी घेतलेली नाही, पर्समध्ये आहे.

तर लेव्हलच्या दिवशी गोळी पर्समध्ये, रक्त दिल्यावर घ्यायची. शेवटचा डोस किती वाजता घेतला ते लिहून न्यायचं.

दुसरा प्रसंग. तिला त्वचेवर फंगल झालं होतं, वेगळ्याच डॉक्टरने फ्लुकोनॅझोल लिहून दिलं, त्यांनी दुसऱ्या गोळ्या कुठल्या चालू आहेत हे विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. पाच-सहा दिवसांनी बँकेत हिची सही जुळेना. हात एवढा थरथरत होता. आम्हाला वाटलं अशक्तपणा. ते फंगलचं औषध यकृतातलं जे एन्झाइम टॅक्रोलिमस मोडतं त्यालाच अडवतं, त्यामुळे लेव्हल चढलेली होती.

क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, ग्रेपफ्रूट हे पण लेव्हल चढवतात. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन, फिटची फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन, आणि हर्बल म्हणून मिळणारं सेंट जॉन्स वर्ट ही लेव्हल पाडतात, आणि लेव्हल पडली की पेशी जातात. सिरोलिमसलाही हेच लागू. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या लेव्हल बदलत नाहीत पण टॅक्रोलिमसच्या सोबतीने किडनीची वाट लावतात. आणि एक उलटी गोष्ट, जुलाब लागले की वाटतं औषध वाहून गेलं असेल, लेव्हल कमी होईल, पण टॅक्रोलिमसची लेव्हल जुलाबात बऱ्याचदा वाढते. म्हणून जुलाबात जास्तीची गोळी घ्यायची नाही, फोन करायचा.

कंपनी बदलली, किंवा दिवसातून दोनदावाली गोळी संपली म्हणून एकदावाली दिली, असं मेडिकलवाल्याच्या भरवशावर करू नका. दोन्हींवर टॅक्रोलिमसच लिहिलेलं असतं पण त्या अदलाबदलीच्या नाहीत. बदललीच तर लेव्हल परत बघायची.

जोडीला पहिले काही महिने को-ट्रायमॉक्साझोल असतं, एका विशिष्ट न्यूमोनियापासून वाचायला, आणि सीएमव्हीसाठी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर. मायकोफेनोलेट पांढऱ्या पेशी पाडतं, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरही पाडतं, को-ट्रायमॉक्साझोलही पाडू शकतं, तिन्ही एकत्र घ्यायची. म्हणून सीबीसीचा रिपोर्ट आला की न्यूट्रोफिलचा (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) आकडा स्वतः बघायला शिका.

ताप ३८ डिग्री सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट गेला की थांबायचं नाही, पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन. नंबर आधीच मागून घ्या, आणि तो रविवारी उचलतात का ते एका रविवारी लावून बघा. मी बघितला होता. डोकेदुखी जी जात नाही, तीही तेवढीच महत्त्वाची. व्हर्टेक्स कंपनीच्या झिमिस्लेसेल या स्टेम सेलपासून बनवलेल्या मानवी आयलेटचा रिपोर्ट २०२५ मध्ये आला, पूर्ण डोस मिळालेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरात सुटलेलं होतं, खरंच जबरदस्त. पण त्याच अभ्यासात दोन मृत्यू झाले, त्यातला एक क्रिप्टोकोकल मेनिन्जायटिसने, म्हणजे मेंदूच्या आवरणाला होणाऱ्या बुरशीच्या संसर्गाने, जो प्रतिकारशक्ती दाबलेल्या लोकांत होतो. दुसरा मृत्यू आधीपासून असलेला मेंदूचा त्रास वाढून झाला. त्या पेशी माणसाच्या होत्या आणि औषधं नेहमीच्यातलीच होती. डुकराच्या पेशींना त्याहून जास्त लागलं तर, याचा विचार करा.

लांबचं म्हणाल तर त्वचेचा कॅन्सर आणि लिम्फोमा, दोन्हींचा धोका वर्षांगणिक वाढतो. उन्हात अंग झाकायचं, वर्षातून एकदा त्वचा दाखवायची, मानेत काखेत गाठ लागली तर लगेच.

डुकरासाठीचे खास प्रश्न

डुकराच्या प्रत्येक पेशीच्या डीएनएमध्ये पर्व्ह नावाचे रेट्रोव्हायरस शिवलेले असतात, धुऊन जात नाहीत. १९९७ मध्ये प्रयोगशाळेत ते मानवी पेशींना लागण करू शकतात असं दिसलं आणि सगळे हादरले. पण १९९९ मध्ये डुकराच्या जिवंत पेशी-ऊतींशी संपर्क आलेले १६० पेशंट तपासले, एकालाही लागण झालेली सापडली नाही. २०१७ मध्ये तर क्रिस्परने (जीन कापून बदलायचं तंत्र) हे व्हायरस बंद पाडलेली डुकरं जन्माला घातली. त्यामुळे मला पर्व्हची भीती जरा कमी वाटते.

जास्त भीती वाटते ती डुकराच्या सीएमव्हीची. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरिलँडला डेव्हिड बेनेट यांना डुकराचं हृदय बसवलं, दोन महिन्यांनी ते गेले, आणि हृदयात हा व्हायरस सापडला, डुक्कर आधी तपासलेलं असूनही. दबून बसलेला व्हायरस नाकातल्या स्वॅबमध्ये सापडत नाही, आणि ज्याला बसवलं त्याची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबलेली असते, म्हणजे व्हायरसला मोकळं रान. माणसाच्या सीएमव्हीवरची नेहमीची औषधं त्याच्यावर फारशी चालत नाहीत. तेव्हा विचारा, डुकरं फक्त स्वॅबवर तपासली की अँटीबॉडी टेस्टही केली, आणि बसवल्यावर माझ्या रक्तात तो व्हायरस किती दिवसांनी शोधणार.

रक्तदान कायमचं बंद. रक्ताचे नमुने काही दशकं जपून ठेवतात, जोडीदाराला आणि घरच्यांनाही माहिती द्यावी लागते, त्यांचीही तपासणी मागू शकतात. म्हणून जोडीदार पहिल्या मीटिंगला सोबत हवा, सहीच्या दिवशी नको.

"गोळ्या नकोतच" असं कोणी म्हणालं तर

ही गोष्ट नवीन नाही. न्यूझीलंडमध्ये १९९६ साली एका पेशंटच्या पोटात डुकराच्या आयलेट अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासूनच्या जेलच्या) कॅप्सूलमध्ये भरून ठेवल्या, प्रतिकारशक्ती दाबणारं काहीही न देता. बारा आठवड्यांत इन्सुलिन ३० टक्के कमी झालं, ४९ व्या आठवड्याला परत पहिल्यावर. साडेनऊ वर्षांनी आत बघितलं तर कॅप्सूल होत्या आणि त्यातल्या काही पेशी चक्क जिवंत होत्या. म्हणजे सुरक्षित होतं पण उपयोग थोडाच. आता जीन बदलून प्रतिकारशक्तीला न दिसणाऱ्या पेशी बनवायचं चाललंय, स्वीडनमध्ये २०२४ च्या डिसेंबरात एका पेशंटच्या हाताच्या स्नायूत अशा मानवी पेशी गोळ्यांशिवाय बसवल्या आणि त्या टिकल्या, पण डोस इन्सुलिन सुटण्याएवढा नव्हताच. असा दावा ऐकला की दोनच गोष्टी विचारा: किती माणसांत, आणि त्यांचं इन्सुलिन किती युनिटने कमी झालं. 'पेशी जिवंत आहेत' आणि 'इन्सुलिन सुटलं' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डुकराचं सी-पेप्टाइड माणसाच्या सी-पेप्टाइडपेक्षा वेगळं ओळखता येतं, त्यामुळे उरल्यासुरल्या स्वतःच्या पेशींचं श्रेय डुकराला देता येत नाही, ती टेस्ट केली आहे का तेही विचारा.

बाहेर पडायचं दार

पेशी बंद पडल्या तर गोळ्या कधी आणि कशा थांबवणार, हे कागदात लिहिलेलं हवं. किती महिने सी-पेप्टाइड शून्य आलं की बंद, इजीएफआर कितीच्या खाली गेला की बंद, कुठला संसर्ग झाला की बंद. 'तेव्हा बघू' असं म्हणाले तर मी तरी सही करणार नाही. इथे एक पेच आहे: मानवी आयलेट बंद पडल्यावर गोळ्या एकदम थांबवल्या की शरीरात परक्या ऊतींविरुद्ध अँटीबॉडीज तयार होतात, आणि पुढे किडनी लागलीच तर जुळणारा दाता मिळणं अवघड जातं. डुकराच्या बाबतीतही त्या अँटीबॉडीज माणसाच्या ऊतींशी थोड्याफार जुळण्याची शक्यता असते. डायबेटिसवाल्याला पुढे किडनी लागू शकते हे आपल्यालाही माहीत असतं आणि त्यांनाही. म्हणून गोळ्या सुरू करायच्या आधी आणि थांबवल्यावर अशा दोन्ही वेळेस अँटीबॉडी टेस्ट होणार का, आणि त्याचा रिपोर्ट मला हातात मिळणार का, हे लिहून घ्या.

ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येतं, तो तुमचा हक्क आहे, कारण द्यावं लागत नाही. पण डुकराच्या पेशी एकदा आत गेल्या की व्हायरससाठीची तपासणी करत राहा असं ते आयुष्यभर सांगणार, गोळ्या बंद झाल्या तरी, पेशी मेल्या तरी. ताई म्हणाली, म्हणजे अलार्म बंद झाला तरी फोन येतच राहणार. मी म्हटलं, हो, आणि नंबर बदलला तर त्यांना कळवायचंसुद्धा.